कोचची बाजू

मिसिसिपीतल्या त्या गावात कॉलेजच्या फुटबॉल कोचला शिव्या घालणं हा दर रविवारचा उद्योग होता. चर्चमधून बाहेर पडता पडता थर्मन म्हणाला, "राज्यातली हिरे-माणकं दुसऱ्या कॉलेजांनी उचलली, आणि आपल्या हॅल्बर्टने भरती केला तो सगळा गाळ!"

"त्या गाळात माझा कीशॉनही आहे बरं का," व्हर्लीन ताडकन म्हणाली. "माणसाला येऊन जेमतेम वर्ष झालंय. त्याने निवडलेली पोरं चार वर्षं खेळू तर देत, मग काढा त्याची लायकी."

ती उगीच भांडत नव्हती. कीशॉनला संघात मागायला आला तेव्हा तिच्या स्वयंपाकघरात बसून, तिने तळलेला मासा दोनदा मागून घेत कोच म्हणाला होता, "मिस व्हर्लीन, कीशॉन पदवी घेईपर्यंत मी इथून हलत नाही." त्या एका शब्दावर तिने लेकाला दोन मोठ्या कॉलेजांना नकार कळवायला लावलं होतं.

कीशॉनने कॉलेजच्या करारावर सही केली आणि महिन्याभरातच बातमी आली, हॅल्बर्ट टेक्सासच्या बड्या कॉलेजात चालला. व्हर्लीनने हातातलं काम टाकून त्याला फोन लावला.

"काळजी करू नका," कोच म्हणाला. "इथली चांगली पोरं मी सोबत घेऊनच जातोय."

तिचा जीव भांड्यात पडला. "देव तुमचं भलं करो, कोच! मग कीशॉनला कधी पाठवू?"




"मिस व्हर्लीन... मी चांगली पोरं म्हणालो."