तीन फैरींनंतर

१९८८ साली पारोळ्याजवळच्या खेड्यात आमचं पोलीस पथक शोकसलामीला गेलं होतं. पासष्टच्या लढाईत पदक मिळवलेले देवचंद आबा वारले होते. त्याच जमान्यातल्या थ्री-नॉट-थ्री रायफलींच्या तीन फैरी झाडून आम्ही मागे फिरलो, तोच आबांच्या पत्नी नर्मदाबाई माझ्यापुढे उभ्या राहिल्या. स्मशानात बायका येत नसत. त्या आल्या होत्या. माझ्या रायफलीकडे बोट दाखवून म्हणाल्या, “भाऊ, हाईच का ती? जलमभर यास्ना तोंडे हिनंच नाव आयकं. हात लावू का?” रायफल परक्या हाती देणं नियमाबाहेर होतं. मी साहेबांकडे पाहिलं. त्यांनी मान दुसरीकडे वळवली. मी बोल्ट ओढून गोळी नसल्याची खात्री केली आणि रायफल नर्मदाबाईंच्या हातांवर आडवी ठेवली. “भलती जड शे,” त्या पुटपुटल्या. लाकडी दस्त्यावरून हात फिरवत त्यांनी ती नीट पाहून घेतली. मग चितेकडे वळून म्हणाल्या, “दखी लिधी मी हिले. आते जा तुम्ही.”