जांभळा दगड

गुडघ्यांचं ऑपरेशन होऊनही पार्वताबाईंनी अंगणापलीकडे पाऊल टाकलं नव्हतं. पडण्याची भीतीच बसली होती. सून दामिनीला दगड जमवायचा नाद; तिचं कपाट दगडांनीच भरलं होतं. अंजनगावजवळच्या शेतात विहीर खोदणं चालू होतं. तिथून आणलेला एक गोल दगड तिनं ओसरीवर फोडला. आत पांढरे स्फटिक लखलखले.

"बाप्पा! आखीन आहेत काय वो असे?"

"लय आहेत, आई. पन विहिरीपाशी यावं लागते. सोता शोधला तरच मजा."

दुसऱ्या दिवशी पार्वताबाई सुनेचा हात धरून निघाल्या. बांधावर थांबल्या, "वापस चाल" म्हणाल्या, पण पुन्हा चालू लागल्या. विहिरीपाशी पोचल्यावर दामिनी उपसलेल्या दगडांच्या ढिगाच्या पायथ्याशी वाकून दगड चाळू लागली. तेवढ्यात वरून हाक आली. ढिगाच्या अगदी माथ्यावर सासूबाई एकट्या उभ्या होत्या. हातात फुटका दगड, आत जांभळे स्फटिक.

"तुह्या कपाटात आहे काय वो असा?"

"नाही, आई! पन तुमी हलू नका, पडसान! मले तं भेव लागून राहिलं."

पार्वताबाईंनी वरूनच हात पुढे केला.

"भेतं कावून? ये वर. मी आहो नं!"