रोखलेलं पान

पोरीच्या मोबाइलवर भलतंसलतं काही उघडू नये म्हणून मंजुश्रीनं बीबी गावातल्या घरच्या राऊटरची डीएनएस सेटिंग बदलून फिल्टर लावला. दुपारी तिची आई जनकाबाई आपला मोबाइल घेऊन आली. रडून तिचे डोळे सुजले होते.

"मंजे, माह्यं पान उघडून नाही राह्यलं."

पडद्यावर लिहिलं होतं, 'हे पान रोखलं आहे.'

"काय पाहतं तू त्याच्यात?"

"तुह्या बाबाले."

मंजुश्री शाळेत असताना बाबा बीटी कपाशीच्या पराटीवर फवारणी करता करता विषबाधेनं गेले होते. घरात त्यांचा एक फोटोही नव्हता. त्यांचा चेहरा तिला आता आठवतही नसे.

"त्यायचा व्हिडिओ कुठून आला, आई? तवा आपल्याजवळ मोबाइल कुठं होता?"

"मले नाही मालूम. पन रोज दिसतात. उघड ना वं."

आईच्या समाधानासाठी मंजुश्रीनं ते पान मोकळं केलं. पडद्यावर हिरवीगार पराटी वाऱ्यानं हलत होती आणि दोन ओळींमधल्या तासात एक माणूस पाठमोरा उभा होता. चेहरा दिसावा म्हणून ती आणखी वाकली.

माणूस वळला. त्यानं आईकडे नाही, तिच्याकडे पाहिलं.

"केवढी झाली वं मंजे," बाबा म्हणाले. "दार काऊन लावलं होतं?"