वांग्याच्या वाफ्यातली नळी

चौथं रोपही गेलं. सकाळी टवटवीत होतं, दुपारी त्याने मान टाकली आणि संध्याकाळी इकुयोने हात लावताच अख्खं उपटून आलं. मुळं काळी पडली होती आणि त्यांना आंबूस वास येत होता.

आता तीन उरली. ही वांगी बाजारात मिळणारी नव्हती. इकुयोच्या आईने डोंगरातल्या गावी चाळीस वर्षं स्वतः बी धरून हे वाण जपलं होतं. गेल्या वर्षी आई गेली, गावचं घर विकलं गेलं आणि कागदाच्या पुडीत सात बिया मागे राहिल्या. सातही रुजल्या तेव्हा इकुयो स्वयंपाकघरात एकटीच रडली होती. यंदा एक तरी वांगं झाडावर पिकलं नाही, तर आईचं वाण कायमचं संपणार होतं. आणि मे तर सरत आला होता.

हे घर तिने फेब्रुवारीत घेतलं. जुनं, स्वस्त, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. अंगणात ऊन एकाच कोपऱ्यात यायचं. तिथे पूर्वी एक खोपट होतं. आधीच्या मालकाच्या मुलाने, मासातोने, घर विकताना ते पाडून वर माती पसरून दिली होती. माती कसली, वीतभर थर. त्याखाली खुरपं काहीतरी टणक लागून खण्ण वाजायचं. आणि वाफ्याच्या मधोमध मनगटाएवढी एक नळी गुडघाभर वर आलेली होती.

शेजारच्या सेत्सुको काकूंना गल्लीत येऊन दोनच वर्षं झाली होती, पण माहिती शंभर वर्षांची होती. त्यांनी पहिल्याच दिवशी कुंपणावरून सांगून टाकलं की विहीर बुजवली की तिच्या देवाला श्वास घ्यायला अशी नळी ठेवतात, आमच्या माहेरी घरोघरी आहे, तिला हात लावायचा नाही. इकुयोलाही ते ठाऊक होतं. नळीशी कान नेला की आत कुणी हलकेच श्वास घेतंय असं खरंच वाटायचं. अंगावर काटा यायचा आणि ती हात जोडायची.

अडचण होती ती मुराकोशी आजोबांची. घराचे मूळ मालक तेच. मुलाने त्यांना आपल्याकडे राहायला नेलं होतं, तरी रोज बाराच्या ठोक्याला ते मागच्या फाटकातून यायचे, थर्मासमधली पातळ पेज नळीत ओतायचे, त्यावर मिसोचं खारट सूप ओतायचे आणि खाली वाकून बराच वेळ बसायचे. तीन वर्षांपूर्वी बायको न सांगता निघून गेली, तेव्हापासून म्हाताऱ्याला देवाशिवाय कुणी उरलं नाही, असं काकूंचं म्हणणं. इकुयोला आधी कौतुक वाटलं. पण ओतताना ते खारट पाणी वाफ्यात सांडायचं.

पाचवं रोप गेलं त्या दिवशी तिने त्यांना अडवलं.

"आजोबा, देवाला घोटभर पाणी पुरे. हे खारट नको. माझी झाडं मरतायत."

"उपाशी ठेवून चालणार नाही, बाई."

"देव कधी उपाशी मरतो का?"

आजोबांनी एकदा नळीकडे पाहिलं. मग म्हणाले, "निदान एक दिवसाआड तरी येऊ द्या."

तिला वाईट वाटलं, तरी तिने फाटकाला कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी बाराला फाटक हललं. बराच वेळ हलत राहिलं, मग थांबलं. त्यानंतर कुणी आलं नाही.

नळीतून येणारा वास मात्र वाढत गेला. उबट, कुजका वारा सरळ पानांवर यायचा. उरलेल्या दोन रोपांपैकी एकाची पानं पिवळी पडली, तेव्हा इकुयोने मन घट्ट केलं. नळीपाशी शुद्धीचं चिमूटभर मीठ ठेवलं, साकेची दारू शिंपडली, वांगं पिकेपर्यंत तेवढी क्षमा कर असं म्हणाली आणि रबरी बूच ठोकून बसवलं.

त्याच दुपारी वाफ्याखालून आवाज आला. तीन ठोके. थोडं थांबून पुन्हा तीन. इकुयोच्या हातातली झारी गळून पडली. काकू धावत आल्या, त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. देव कोपलाय, बूच काढ, असं त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. इकुयोने दोन्ही रोपांकडे पाहिलं आणि बूच काढलं नाही. साकेची उरलेली बाटली तिथे रिकामी केली आणि कपाळ मातीला टेकवलं. दोन दिवस ठोके येत राहिले, हळूहळू मंदावत गेले. तिसऱ्या सकाळी थांबले. देवाने आपलं ऐकलं, या विचाराने तिला रडू आवरेना.

मग झाडं सावरली. नवी पालवी आली, एकावर जांभळं फूलही आलं.

बूच बसवल्यापासून अकराव्या दिवशी मासातो मिठाईचा खोका घेऊन आला. वडिलांनी फार त्रास दिला म्हणून वाकून माफी मागू लागला. कुलूपबंद फाटकावरून परत फिरले त्याच दुपारी वाटेत त्यांना पक्षाघाताचा झटका आला होता, वाचा गेली होती. दवाखान्यात दिवसभर एक हात तेवढा हलवतात, काहीतरी ओतल्यासारखा, आणि त्याचा अर्थ कुणालाच कळत नव्हता.

इकुयोला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "त्यांना विहिरीची काळजी लागलीय," ती म्हणाली. "त्यांना सांगा, देव आता शांत आहे."

"कुठली विहीर?"

तिने वाफ्याकडे बोट दाखवलं.

"छे हो," मासातो म्हणाला. "मी शाळेत होतो तेव्हा हे घर बांधलं, तेव्हा इथे नुसता माळ होता. विहीर कधी नव्हतीच. ती नळी बाबांनीच खोपटात बसवली होती, आई घर सोडून गेली त्याच आठवड्यात."