अर्धी कळ

कुमुदताई लिफ्ट सोडून मुद्दाम गच्चीचा जिना चढल्या आणि वर दाराला टेकून फोनची वाट बघत राहिल्या. तो आलाच.

"आई, परत चढलीस ना? इथे टोरांटोत मी ऑफिसला निघालो होतो, तो मटकन खालीच बसलो."

"साडी वाळत घातली होती रे."

जोडीचं इंजेक्शन मायलेकांनी मिळून घेतलं होतं. तेव्हापासून त्यांच्या झिजलेल्या गुडघ्याची अर्धी कळ श्रीरंगच्या गुडघ्यात जायची. त्याच्या गुडघ्यावर ताण पडला तर अर्धी कळ इकडेही येईल, एवढा धोका डॉक्टरांनी आधीच सांगितला होता.

"माझ्यावर दया कर आणि बसून राहा," श्रीरंग म्हणाला.

लेकाला दुखवून त्याचा आवाज ऐकायचा, याची कुमुदताईंना लाज वाटली. त्या बसून राहिल्या. गुडघा सुखावला आणि फोनही गप्प झाला.

मग एका रविवारी संध्याकाळी मटार सोलता सोलता गुडघ्यात कळ आली. थांबली, पुन्हा आली. त्यांनीच फोन लावला.

"श्रीरंग, उठाबशा काढतोयस का रे?"

पलीकडे नुसती धाप ऐकू आली. मग तो म्हणाला, "घरात फार शांत वाटत होतं गं."

"काढ, पण हळूहळू," त्या म्हणाल्या. "इकडचा गुडघा म्हातारा आहे."