खांदेकरी

लंडनहून बापाची शवपेटी घेऊन आलेला जमीनदाराचा मुलगा इशबेलच्या झोपडीपुढे थांबला. "म्हातारे, गाव बोलव. वडिलांना खांदा द्यायचाय."

स्कॉटलंडच्या त्या खोऱ्यातून चर्चला गाडीवाट नव्हती. घराघरातली माणसं आळीपाळीने खांदा देत पेटी खिंडीपार न्यायची. पण मेंढ्यांना कुरण हवं म्हणून याच जमीनदाराने ती सगळी घरं पेटवली, माणसं जहाजांत कोंबून हाकलली. इशबेलचे दोन्ही मुलगे त्यातच गेले. मेंढ्या राखायला ती तेवढी उरली.

"बोलावते की, धाकटे सरकार!" म्हणत तिने मेंढवाड्याचं फाटक सताड उघडलं आणि शीळ घातली. बें बें करत मेंढरांनी पेटीला गराडा घातला.

"घ्या, आलं गाव," इशबेल म्हणाली. "तुमच्या वडिलांनीच वसवलंय."