गौरीला घर दाखवताना

"नदीचं तोंडही बघायचं नाही मला!" वृंदाने रिकामं ताम्हन आपटलं. आषाढातल्या पुराने तिचं घर नेलं होतं, देव्हाऱ्यातल्या देवांसकट. ज्यांना स्वतःलाच वाचवता आलं नाही, त्यांच्यावर कसली भिस्त ठेवायची?

"देव नदीतच गेलेत ना?" सासूबाई म्हणाल्या. "मग नदीतूनच आणू. आपल्या गौरी नाहीतरी खड्यांच्या. वाट बघत असतील."

वृंदाने आपटलेलं ताम्हन पुन्हा उचललं. रीतीप्रमाणे तोंडात पाण्याची चूळ धरून, मुक्यानेच ती नदीवरून सात खडे घेऊन आली. पत्र्याच्या शेडच्या दारात सासूबाईंनी तिचे पाय धुतले आणि गौरींना घर दाखवायला घेतलं. होती जेमतेम एक खोली!

"हे बघ गौरी, माजघर. हे स्वयंपाकघर. आणि ही," उपड्या खोक्यावर पाय ठेवून त्या थाटात म्हणाल्या, "आमची माडी!"

वृंदाला हसू आवरेना. तोंडातलं सगळं पाणी सासूबाईंच्या अंगावर उडालं. पुरानंतर पहिल्यांदाच ती अशी खदखदून हसत होती.

"मोडलंस ना मौन? जा, पुन्हा आण," सासूबाई पदराने तोंड पुसत हसल्या.

ताम्हन घेऊन वृंदा नदीकडे पळाली, माहेरी निघाल्यासारखी.